नवापूरच्या किनाऱ्यावरून काक्षी

भात कापून झालं की आमच्या घराला कुलूप लागायचं. आई-बाबा आम्हा भावंडांना घेऊन वीटभट्टीवर जायचे, ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. शाळेच्या पटावर माझं नाव होतं, वर्गात मी नव्हते. पुढे आश्रमशाळेत राहिले म्हणून शिकले. आज मी आमच्या पाड्यावरची पहिली पदवीधर आहे आणि भट्टीवरचे दिवस सांगायला मला लाज नाही.

ही गोष्ट बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या हिवाळ्यातली. मृगाच्या खांद्यावरचा लाल तारा, काक्षी, मंद होत चाललाय, असं सरांनी सांगितलं. प्रत्येकाने नुसत्या डोळ्यांनी पाहून नोंद करायची होती. पालघरच्या वसतिगृहाच्या गच्चीवरून दिव्यांपुढे काही कळेना. मैत्रीण हेमांगी म्हणाली, "आमच्या नवापूरला चल. तिथं अंधार हाय."

शनिवारी दुपारी बोईसरला उतरलो. रिक्षावाला "बस, दो मिनट" म्हणत माणसं भरेपर्यंत अर्धा तास उभा राहिला. कारखान्यांमधून जाताना घशात आंबट वास बसला, तो नवापूरच्या सुक्या मासळीच्या वासाने हटवला. ओहोटी होती. होड्या चिखलात एका कुशीवर पडल्या होत्या. माझी एक चप्पल त्या चिखलात गेली ती गेलीच.

हेमांगीचे आजोबा तांडेल (बोटीचं सुकाणू धरणारा प्रमुख). जेवायला तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण होतं.

"डोंगरातली हायस. काटा जपून," ते म्हणाले.

"बोंबलाला कसला काटा, आजोबा?"

"शिकलेली हाय खरी."

ते हसले, पण भाकरी तशीच ठेवून उठले. हेमांगी कुजबुजली, "सुकाणू माझ्या बापाच्या हाती देतो म्हणतायत. कारण सांगत नायत."

अंधार पडताच मी किनाऱ्यावर गेले. आजोबा आधीच तिथे होते, समुद्राकडे पाठ करून. पूर्वेला कारखान्यांच्या चिमण्यांचे लाल दिवे उघडझाप करत होते आणि त्यांच्या खूप वर तिकांडं (मृगाच्या पोटातले तीन तारे) आलं होतं. मी काक्षी शोधला. पुस्तकात जो आकाशातल्या ठळक ताऱ्यांत मोजलेला, तो मृगाच्या दुसऱ्या खांद्याएवढाच उरला होता. ओळखीचं माणूस आजारातून उठून समोर यावं, तसा.

"लाल तारा एवढा मंद? बोईसरचा धूरही असेल," मी म्हणाले.

"धूर एकाच खांद्याला लागतो काय?"

मग ते हळू आवाजात बोलले, "दोन्ही खांदे सारखे दिसतात मला. पोरांना विचारलं, तर म्हणतात, आमाला काय ठावं. ते समुद्रातला रस्ता मोबाईलवर बघतात. माझे डोळे गेले, बाय. आंधळ्याने चार घरची पोरं समुद्रात न्यायची नसतात."

"आजोबा, मलाही सारखेच दिसतात. डोळे ठीक आहेत तुमचे. तारा मंद झालाय. जगभरचे लोक दुर्बिणी लावून तेच बघतायत."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला नाही. उलट जवळ सरकले. "तारा कसा मंद होईल?"

मी माहीत होतं तेवढं सांगितलं. हा म्हातारा, फुगलेला तारा आहे. सूर्याच्या जागी ठेवला तर आपली पृथ्वी त्याच्या पोटात जाईल. सूर्यापेक्षा थंड, म्हणून लाल. त्यानेच फेकलेली धूळ आड आली असेल, असं काहींचं म्हणणं. एक दिवस तो फुटणार. आणि आज दिसतोय तो उजेड निघून पाचशेवर वर्षं झाली.

"म्हंजे आता तो हाय का नाय?"

"ते इथून कळत नाही."

चिखलात काहीतरी चुळबुळत होतं. दोघेही वर बघायचं टाळत होतो आणि पुन्हा पुन्हा बघत होतो.

घरी गेल्यावर मी हेमांगीच्या बाबांना सगळं सांगितलं, नोंदीची वही दाखवली. ते बाहेर जाऊन पाहून आले. "मला तर कधी फरक कळला नसता," एवढंच म्हणाले.

परतताना रिक्षात अनवाणी बसून विचार करत होते. आम्ही पुस्तकात वाचून वर पाहिलं. आजोबांनी आयुष्यभर वर पाहिलं, आणि फरक दिसताच आधी स्वतःवर संशय घेतला.

त्या हंगामाच्या अखेरपर्यंत बोट आजोबांनीच चालवली.