धनुष्याच्या मुठीतली सुई

संतोषचा फोन आला तेव्हा मी राहात्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला पंपाचा वॉशर शोधून देत होतो. "दादा, आबा गेले. सकाळी बागेत चक्कर मारून आले, ओट्यावर बसले, आन…" संतोष माझा मामेभाऊ, आणि त्याचे आबा म्हणजे माझे एकनाथमामा, पुणतांब्याचे पेरूवाले. मी शटर ओढलं आणि गाडी काढली. रस्ताभर डोक्यात एकच होतं, की मामांशी बोलायचं ते राहूनच गेलं. महिना उलटून गेला, तरी ते डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

मामांबद्दल कुणीही बोलायला लागलं की सुरुवात त्यांच्या धनुष्यापासून होते, तशी मीही करतो. मामांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी मिशनच्या एका दवाखान्यात जीप चालवायचे. तिथला अमेरिकन डॉक्टर मायदेशी परतताना आपलं शिकारीचं धनुष्य त्यांना देऊन गेला. आपल्याकडच्या बांबूच्या कामठ्यासारखं ते नव्हतंच. लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले, वर-खाली काचेसारखी गुळगुळीत काळी पट्टी आणि दोन्ही टोकं पुढच्या अंगाला उलटी वळलेली. दोरी उतरवली की अख्खं धनुष्य भलत्याच बाजूला वाकायचं. लहानपणी मला वाटायचं, ते रुसलंय. मामा काम झालं की दोरी न चुकता उतरवायचे. म्हणायचे, "बैलाचं जू काढतो का न्हाई आपन? तसंच हे."

त्याच्यात गमती फार होत्या. मुठीच्या पुढच्या बाजूला आटे पाडलेलं एक पितळी भोक होतं. ते कशासाठी, हे मामांना कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. दसऱ्याला अवजारांची पूजा करताना ते त्यात उदबत्ती खोचायचे. पुढे कुणीतरी सांगितलं, की बाणाने मासे मारायचे तर तिथे दोऱ्याचं रीळ बसवतात. मामा म्हणाले, "कळलं ते बरं झालं. पन उदबत्ती काय वाईट बसत न्हाई." दोरीच्या दोन्ही टोकांपाशी रबराच्या गोळ्या होत्या, दोरीचा आवाज होऊन सावज पळू नये म्हणून. त्या मामांनी पहिल्याच हंगामात काढून टाकल्या. त्यांना शिकार करायचीच नव्हती, पेरूवरचे पोपट उठवायचे होते. ते म्हणायचे, "शिकाऱ्याला आवाज नको, मला तर आवाजच पायजे." टोकाला चिंधी बांधलेला बोथट बाण सोडला की दोरीचा टणत्कार बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू यायचा आणि हिरवा थवा कालवा करत उठायचा. शिवाय डॉक्टर डावखुरा असावा, कारण बाण टेकवायची कड उलट्या बाजूला होती. मामा उजवे. त्यांनी धनुष्याला नावं ठेवली नाहीत. उजव्या हातात मूठ आणि डाव्या हाताने दोरी, असं स्वतःलाच शिकवून घेतलं. मामी चिडवायची, "जेवताना तेवढा उजवा हात ठेवा म्हंजे झालं."

पण सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे मुठीच्या वर, बाजूच्या अंगात, बसवलेलं रुपयाएवढं होकायंत्र. जंगलात वाट चुकलेल्या शिकाऱ्यासाठी असणार ते. पुणतांब्याला कसलं आलंय जंगल… फार तर माणूस उसात चुकेल. पण धनुष्य आडवं ठेवलं की सुई थरथरत स्थिर व्हायची, आणि त्या सुईवर मामांनी पेरूच्या ओळी दक्षिणोत्तर लावल्या. ते बघून गावातले लोक घराचा पाया काढताना मामांना बोलवायला लागले. मामीने जुन्या गोधडीची खोळ शिवली होती. ती खांद्याला अडकवून मामा जायचे, दिशा दाखवायचे, खुंट्या ठोकून द्यायचे आणि चहा घेऊन परत यायचे. स्वतः त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास होता असं नाही. "दिशेनं काय हुतंय? पन मानसाला घरात शिरताना बरं वाटलं पायजे," एवढंच ते म्हणायचे.

माझ्या राहात्याच्या घराच्या खुंट्याही त्यांनीच ठोकल्या. त्या दिवशी एस.टी.तून धनुष्य घेऊन उतरलेले मामा मला अजून दिसतात. कंडक्टरने विचारलं, "काय शिकारीला का?" मामा म्हणाले, "व्हय, भाच्याचं दार धरायला चाललोय." दार थेट पूर्वेला आलं. सकाळचं ऊन उंबऱ्यावरून आत देवघरापर्यंत यायचं.

नंतर दोन वर्षं वाईट गेली. माझ्या बायकोला, सुनंदाला, पाठीच्या दुखण्याने अंथरूण धरायला लावलं, दुकानही बसल्यासारखं झालं. कुणीतरी एका वास्तूवाल्याचं नाव सुचवलं. त्याने मोबाईलवर दिशा बघितली आणि सांगितलं, की दार पूर्वेला नाहीच, आग्नेयेकडे कललंय. मी लगेच मामांना फोन करून धनुष्य घेऊन बोलावलं. मामांनी उंबऱ्यावर लाकडी पाट ठेवला, त्यावर धनुष्य आडवं ठेवलं. मी वाकून बघायला गेलो. सुई खरंच बाजूला सरकली. वास्तूवाला म्हणाला, "बघा, ह्यांचं यंत्रसुद्धा तेच सांगतंय." मामा शांतपणे म्हणाले, "सुधाकर, मागं सर जरा. खिसा रिकामा कर, आन मग बघ." वरच्या खिशात माझा मोबाईल होता, हातात दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा. शेजारची चार माणसं दारात उभी होती. मला वाटलं, मामा आता सबबी सांगताहेत. मी म्हणालो, "पुरे झालं, मामा. तुमच्या ह्या खेळण्यानं माझं घर वाकडं केलं."

मामांनी धनुष्य खोळीत सरकवलं. "व्हय… आसंल बाबा," एवढंच म्हणाले. चहाला थांबले नाहीत. सुनंदा आतून पाठ धरून कशीबशी बाहेर आली, तोवर ते कोपऱ्यावरून वळले होते. ती म्हणाली, "निदान चहा तरी पाजायचा होता त्यांना."

दार फोडायला गवंडी आले त्या सकाळी माझ्या मनात आलं होतं, की एकदा मोबाईल बाजूला ठेवून बघावं. पण वाळू येऊन पडली होती, माणसं घण घेऊन उभी होती आणि शेजारी बघत होते. मला माघार घेता आली नाही. जुन्या दाराच्या जागी खिडकी झाली, नवं दार उत्तरेच्या भिंतीत पाडलं. सुनंदाची पाठ पुढे व्यायामाने सुधारली, दुकानही सावरलं. त्याचा दाराशी काही संबंध नव्हता, हे मला कळत होतं.

त्यानंतर मामा कुणाच्याच घराचा पाया आखून द्यायला गेले नाहीत. कुणी बोलवायला आलं की म्हणायचे, "सुई मेलीय त्याची." सणावाराला भेटी व्हायच्या. पेरूची एक पेटी दरवर्षी घरी यायची, वरचे पेरू पानासकट. गेल्या दिवाळीत त्यांनी विचारलं, "दार कसं हाय?" मी म्हणालो, "बरं आहे." त्यांनी मान हलवली आणि माझ्या पोराला बाण कसा धरायचा ते दाखवायला लागले. तेव्हा बोलायला हवं होतं. ओट्यावर आम्ही तिघंच होतो, कसली अडचण नव्हती… मी पेरू खात बसलो.

दशक्रियेनंतर काही दिवसांनी मामीला भेटायला गेलो. संतोष म्हणाला, "दादा, खालच्या रानात नवी बाग लावायचीय. आबांनी खड्डे आखायचं ठरवलं हुतं. ओळ धरून देता का? मला एकट्याला जमंना." मी विचारलं, "कशावर धरायची?" तो शेडमध्ये गेला आणि खोळ घेऊन आला. मी म्हणालो, "अरे, पण त्याची सुई तर मेलीय ना?" संतोष म्हणाला, "कोन म्हनलं? गेल्या साली वरची बाग हिच्यावरच तर आखली."

रानात पाट मांडला, धनुष्य आडवं ठेवलं. मी वाकलो. सुई हलली, थरथरली आणि माझ्याच दिशेला कलली. संतोष सहज म्हणाला, "दादा, मोबाईल. आन किल्ल्या बी. आबा आमाला पार बांधावर ठेवून यायला लावायचे, मगच जवळ येऊ द्यायचे." मी बांधावर गेलो. रुमाल पसरला, त्यावर मोबाईल ठेवला, किल्ल्या ठेवल्या, पट्टा काढून ठेवला. परत येऊन वाकलो. सुई उत्तरेला जाऊन थांबली होती, हलत नव्हती. संतोष आखणीची दोरी ताणून धरत म्हणाला, "बरोबर हाय का?" मी नुसती मान हलवली. पहिली खुंटी त्याने ठोकली, दुसरी मी. संध्याकाळपर्यंत आम्ही खुंट्या ठोकत होतो. परत येऊन धनुष्य शेडमधल्या खिळ्यावर टांगलं… दोरी उतरवलेलं, भलत्या बाजूला वाकलेलं.

मी ते मागितलं नाही. त्याची जागा तिथेच आहे.

घरी माझी एक सवय मात्र बदलली. दुकानातून आलो की खिशातला मोबाईल आणि किल्ल्यांचा जुडगा आधी जुन्या दाराच्या जागच्या खिडकीत ठेवतो, मगच आत जातो. सुनंदाने एकदा विचारलं, "तिथंच का?" मी तिला रानातल्या सुईचं सांगितलं. सकाळी तिने चहाचे दोन कप तिथेच आणले. ऊन त्या खिडकीतून आत येऊन देवघरापर्यंत पोचलं होतं, पूर्वी दारातून पोचायचं तसंच.