भावाचा हसरा फोटो

पुण्याच्या घरी हॉलमध्ये माझ्या धाकट्या भावाचा एक फोटो लावलाय. ड्रमसेटमागे बसलेला, मान वर, तोंडभर हसू. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, ‘किती खूश दिसतोय!’ फोटो मीच काढलाय आणि मला तो डोळ्यांसमोर नको असतो.

बाबा केंद्र सरकारात, त्यामुळे आम्ही दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. घरात केबल आली आणि भावाला ड्रमचं वेड लागलं. खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकूंनी तर त्याच्यापुढे हात टेकले होते. बाबा रिटायर होणार होते, क्वार्टर सोडून सगळ्यांना पुण्याला जायचं होतं. भावाला मात्र दिल्लीतच राहून बँडमध्ये वाजवायचं होतं. बाबांनी स्पष्ट सांगितलं, “कुठेतरी नेहमीचं काम मिळवून दाखव, मग खुशाल राहा. नाहीतर चल आमच्याबरोबर.”

असं काम मिळण्यासारखी एकच जागा होती. गुडगावात नव्या मार्केटच्या तळघरात एक रेस्टॉरंट उघडलं होतं. मालक म्हणाला होता, रविवारी दुपारी वाजवून दाखवा, लोकांना आवडलं तर दर रविवार तुमचा. दारावर लावायला त्याला बँडचे फोटोही हवे होते. बाबांच्या ऑफिसातले एक काका आपला कॅमेरा फक्त माझ्या हातात द्यायला तयार झाले, म्हणून मी फोटोग्राफर.

गाणारा पुढे नाचत होता, गिटारवाले केस उडवत होते, आणि आमचे महाराज झांजेआड! कुठूनही बघा, चेहऱ्यावर झांज. छोले-भटुऱ्यांच्या प्लेटा चुकवत मी खुर्च्यांमधून फिरले. लोक ऐकत होते. एका टेबलाखाली तर सगळ्यांचे पाय ठेका धरत होते. जमलं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

आणि लाइट गेली. माइक बंद, गिटार बंद, तळघरात मिट्ट काळोख. बाकीचे थांबले. भाऊ एकटा वाजवत राहिला, गाणं तुटू नये म्हणून. मी आवाजाच्या दिशेने कॅमेरा धरला आणि बटण दाबलं. त्या कॅमेऱ्यात आधी एक पिवळा दिवा लागायचा, फोटोत डोळे लाल येऊ नयेत म्हणून. खरा फ्लॅश त्यानंतर पडायचा.

मग जनरेटर सुरू झाला. टेबलांवरचे दिवे लागले, पंखे फिरले, आइस्क्रीमचा फ्रीझर घरघरायला लागला. स्टेज अंधारातच राहिलं. आम्ही सरकारी कॉलनीतली मुलं, जनरेटरवर काय काय चालतं हे आधी विचारायचं आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

“इतना लोड नहीं लेगा, बेटा,” मालक म्हणाला.

भाऊ तरीही वाजवत होता. शेवटी एक गिऱ्हाईक मागे वळूनही न बघता म्हणालं, “अरे यार, ये ठोक-पीट बंद कराओ!” भावाने काठ्या मांडीवर ठेवल्या. पुढच्या रविवारपासून मालकाने टेप लावायला सुरुवात केली. आम्ही सामान बांधलं.

परवा पुन्हा कुणीतरी त्या फोटोचं कौतुक केलं. पाहुणे गेल्यावर भाऊ बँकेतून आला, दारात बूट काढत होता. मी विचारलं, “काढून टाकू का रे तो?”

“राहू दे, ताई,” तो म्हणाला. “लाइट आली असं वाटलं होतं मला.”