चार बोटांचा स्क्रॅच

सुरतेच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून प्रेमराज आणि त्याचा मित्र रतिलाल यांनी रेकॉर्ड वाजवायची दोन टर्नटेबलं आणली, तेव्हा दोघंही विशीत होते. एका हाताने रेकॉर्ड मागेपुढे घासायची आणि दुसऱ्या हाताने मिक्सरचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती खुंटी, हलवून आवाज तोडायचा की स्क्रॅच होतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. बाकी सगळं सायबर कॅफेतल्या व्हिडिओंवर बघून शिकले. रेकॉर्ड खालच्या रबराला चिकटायची, म्हणून प्रेमराजच्या आईने, शेवंताबाईंनी, मध्ये घालायला जुन्या घोंगडीचे दोन गोल कापून दिले.

पुढे सीडीची मशिनं आली, मग लॅपटॉपला जोडायचा कंट्रोलर. प्रेमराजने प्रत्येक यंत्रावर हात बसवला. लग्नांत तो डीजे म्हणून वाजवायचा, पण वरातीला हवा होता नुसता धमाका. नशिराबादच्या एका लग्नात त्याने रंगात येऊन स्क्रॅच केला, तर नवरीचे काका धावत आले.

"भाऊ, गाणं अडकतंय. पेन ड्राइव्ह बदला."

त्यानंतर तो बाहेर स्क्रॅच करीनासा झाला. रतिलाल नरडाण्याच्या कारखान्यात लागला, तिकडेच संसार थाटला. शेवंताबाई गेल्या. पिंप्राळ्याच्या घरात प्रेमराज एकटा उरला. लग्न राहूनच गेलं होतं.

दुपारी दारं लावून तो एकच गोष्ट घोटायचा. फेडर अंगठ्याने रेटून धरायचा आणि चार बोटं एकामागून एक त्यावरून ओढायची, म्हणजे एका घासण्याच्या आवाजाचे चार तुकडे होतात. वर्षानुवर्षं तिसरं बोट लंगडायचं. यंदा चैत्रात एका मंगळवारी चारही तुकडे स्वच्छ निघाले. त्याने पुन्हा केलं. पुन्हा निघाले. तो हसत मागे वळला आणि मागे कोणी नाही हे बघून तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी कंट्रोलर पिशवीत घालून तो पॅसेंजरने नरडाण्याला गेला. रतिलालने चहा ठेवला आणि खाली मांडी घालून ऐकलं.

"आखो एक डाव करी दखाड," तो म्हणाला.

प्रेमराजने पुन्हा वाजवलं. मग रतिलालने स्वतः हात लावून पाहिला. बोटं फेडरवर नुसती धडपडली.

"मना हात बठ्ठं इसरी गया," तो ओशाळून म्हणाला. "तुले जमनं. पन हाई तू कोनले वाजाडी दखाडशी?"

प्रेमराजने कंट्रोलर पिशवीत ठेवला. "तुला दाखवलं ना," एवढंच तो म्हणाला.

कारखान्यातल्या पाळीची वेळ झाली. रतिलालने डबा उचलला, त्याला स्टेशनच्या रस्त्यापर्यंत सोडलं आणि सायकलवर टांग टाकली.

परतीच्या गाडीत समोरच्या म्हाताऱ्या अक्कांनी मांडीवरच्या पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, "काय शे रे यामा, भाऊ?"

प्रेमराजने पिशवी जवळ ओढली.

"रेडिओ आहे, अक्का. दुरुस्तीला नेला होता."