दोनशे चाळीस रुपये जमा
जुलैमधला एक सोमवार, रक्कम रुपये दोनशे चाळीस; हजर आम्ही तिघे: नायगावचे मणियार चाचा, त्यांची मुलगी आणि बँकांना व पेमेंट अ‍ॅपवाल्यांना नियम समजावून सांगणारा मी वकील. कुणा अनोळखी गिऱ्हाइकाने बांगड्या घेऊन मोबाईलवरून तेवढे पैसे दिले होते. ते कुणाला तरी फसवून आणलेले निघाले आणि परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून बँकेने चाचांचं सगळं खातंच गोठवलं. आत मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे चाळीस हजार होते आणि लातूरच्या कॉलेजात ते भरायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती. लाखेचा वास भरलेल्या चाचांच्या दुकानात बसून मी बँकेच्या मॅनेजरला फोनवर नियम वाचून दाखवला: अडवायची ती फक्त वादातली रक्कम, सगळं खातं नाही. "नियम बरोबर हाय साहेब, पण आमच्या हातात न्हाई," तो म्हणाला. तेवढ्यात एका बाईने बांगड्यांचे पैसे मोबाईलवरून दिले आणि गल्ल्यावरचा डबा बोलला, "पन्नास रुपये प्राप्त झाले." मुलगी हसली. "अब्बा, आत जायला रस्ता हाय, भायेर यायलाच न्हाई." मी माझ्याकडचे पैसे देऊ केले. "वकीलसाब, माझे हाईत की. तेच सोडवून द्या," चाचा म्हणाले. पाच वाजले तेव्हा त्यांनी डब्यावर फडकं टाकलं. आजही कुठल्या दुकानात तो आवाज आला की मी खिशातून नोट काढतो. दोन महिन्यांनी खातं सुटलं. त्यातले दोनशे चाळीस रुपये ज्याची फसवणूक झाली होती त्या माणसाला परत गेले. प्रवेश केव्हाच हुकला होता; चाळीस हजार कुणालाच भरावे लागले नाहीत.