शुक्रवारी उरकलेला साखरपुडा

माझा साखरपुडा दोनदा झाला. पहिल्यांदा शुक्रवारी दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी, आणि त्या वेळी मी ऑफिसचं काम करत होते.

मी कडावला घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करते. आमच्यात प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं आणि ते बोर्डावर ‘करायचंय’, ‘चालू आहे’, ‘झालं’ अशा रकान्यांतून पुढे सरकतं. साधी माणसं ही कार्डं माउसने ओढतात. मी नाही! मी काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करते. (ती स्क्रीन बघून आईला वर्षभर लॅपटॉप बिघडलाय असंच वाटत होतं.) त्यातही आळस नको का? म्हणून मी ‘उरक’ नावाची स्वतःची कमांड बनवली होती. ‘उरक’ म्हटलं की समोर उघडलेल्या बोर्डावरची सगळी कार्डं एका फटक्यात ‘झालं’मध्ये!

साखरपुडा रविवारचा ठरला आणि मला हुक्की आली.

“बाबा, याद्या-बिद्या नको. मी बोर्ड बनवते. काम झालं की घरच्या ग्रुपवर आपोआप मेसेज येणार.”

“आनि काम कोण करनार? ते पन आपोआप?” बाबांनी विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

आचारी सांगायचा बाबांनी, खुर्च्या आप्पाकाकांनी, कर्जतच्या सोनाराकडून अंगठी आणायची आईने. अशी सत्तावीस कार्डं केली. शेवटचं होतं, ‘वैशालीला अंगठी घालणे – संदेश’. संदेश म्हणजे लोधिवलीचा माझा नवरदेव, मोहोपाड्याला कंपनीत शिफ्टला जातो. त्यालाही हौसेने ग्रुपमध्ये घेतलं.

शुक्रवारी पाचला साहेबांची मीटिंग होती. त्याआधी ऑफिसची कार्डं उरकायची होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, “वैशे, विड्याची पानं राह्यली गं लिहायची!”

मी घरचा बोर्ड उघडला, पानं लिहिली आणि परत ऑफिसच्या बोर्डावर जायचं विसरून ऐटीत टाइप केलं, ‘उरक’.

‘अठ्ठावीस कामं झाली.’ ऑफिसात माझी कामं होती चार! पण शाबासकी मिळत असताना मोजतं कोण?

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “वैशाली, तुझी चारही कामं अजून उघडी दिसतायत.”

“तुमचं नेट स्लो असेल सर, रिफ्रेश करा.” (बिचारे अजून करत असतील.)

तिकडे ग्रुपवर अठ्ठावीस मेसेज जाऊन पडले. (मी मीटिंगसाठी ग्रुप म्यूट केला होता, तो तसाच राहिला.) आचारी झाला, खुर्च्या झाल्या, अंगठी झाली. आता आमच्या घरची एक रीत आहे. झालेल्या कामाची चौकशी करायची नाही, कारण जो विचारतो त्याच्या गळ्यात पुढचं काम पडतं. बाबांना वाटलं, आप्पाने आचारी सांगितला. आप्पाकाकांना वाटलं, दादाने खुर्च्या आणल्या. आई तर शनिवारी चक्क दुपारची झोपली. मी दिवसभर कर्जतला पार्लरमध्ये होते. घरी आले तर सगळीकडे शांतता! वाटलं, बघा, याला म्हणतात नियोजन.

रविवारी सकाळी आठ वाजता आप्पाकाका अंगणात उभे.

“दादा, खुर्च्या कुठं ठेवल्यात रं?”

“मला काय माहीत? तुझं काम ते. आनि तू सांगितलेला आचारी कुठं हाय?”

“मी? मी नाय सांगितला!”

दोघांनी खिशातून मोबाइल काढले. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप उघडला, तर शुक्रवारचं ‘उरक’ घरच्याच बोर्डावर चाललेलं! अकरा वाजता पस्तीस माणसं येणार होती. ना आचारी, ना खुर्च्या, ना अंगठी, आणि सोनाराचं दुकान रविवारी बंद! सासरच्यांपुढे बाबांची मान खाली जाणार, या विचाराने मला रडूच कोसळलं. मी संदेशला फोन लावला.

“शुक्रवारी तुला अंगठी घातल्याचा मेसेज गेला ना? मग बोलला का नाहीस?”

“मला वाटलं, तुमच्यात आधी टेस्टिंग करतात.”

“निघू नका रे तासभर!”

“अगं, आमी चौक गावात पोचलो. आई मागच्या सीटवर हाय, सगळं ऐकतेय.”

झालं!

पुढच्या दोन तासांत शेजारच्या सहा घरांतून खुर्च्या आल्या. त्यातल्या दोन सारख्या असतील तर शपथ. सासूबाई गाडीतून उतरल्या त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. आई कोपऱ्यात डोळे पुसत होती.

“विहीनबाई, तांदूळ हाय ना घरात? बेसन हाय? मंग रडताय कशाला?” असं म्हणून त्यांनी पदर खोचला. पस्तीस माणसं पिठलं-भात बोटं चाटून जेवली. आईने स्वतःच्या बोटातली अंगठी काढून दिली. ती मला इतकी सैल झाली की संदेशने आधी तिला दोरा गुंडाळला आणि मग घातली. सोनाराकडची आली नंतर, पण मला अजून ती दोऱ्याचीच आवडते.

आता लग्न वैशाखात आहे. बाबांनी कोठीच्या दारावर खडूने तीन रकाने आखलेत. खडू आईच्या कमरेला, किल्ल्यांबरोबर. अख्ख्या दारावर माझ्या नावाचं एकच काम आहे, ‘बोहल्यावर उभं राहणे’. आणि त्याच्याखाली सासूबाईंनी स्वतः येऊन लिहिलंय, “झालं का ते आमी बघून सांगू.”