बापूंनी कापलेली कॅसेट

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

कुंग फूच्या जुन्या कॅसेटी जमवायचं माझं वेड तुम्हाला माहीतच आहे. लहानपणी जतला बापूंच्या व्हिडिओ सेंटरवर एक सिनेमा दहादा पाहिला होता. सेंटर बंद झाल्यावर ती कॅसेट मीच आणली. पण म्हातारा गुरू जखमी होतो, तिथं टेप कापून चिकटपट्टी लावलेली. चित्र एकदम उडी मारायचं. कापणाऱ्याला मी कायम शिव्याच घातल्या.

आज सांगलीच्या जुन्या बाजारात त्याच सिनेमाची अख्खी कॅसेट मिळाली! लगेच पलूसच्या दोस्ताला कळवलं, "ती कापलेली तू घेऊन जा."

घरी येऊन नवी लावली. गुरू मरतो हो! शिष्याच्या मांडीवर डोकं ठेवून. इतकी वर्षं मी त्याला जिवंत समजत होतो.

बापूंना फोन केला. "आवं बापू, टेप कुणी कापलीवती?"

"मीच की. तुझा बा तवा नुकताच गेलावता. तू रोज फुडं येऊन बसायचास. तुला कसं दावू गड्या?"

तेव्हापासून नुसत्या येरझाऱ्या घालतोय. दोस्त पलूसहून निघालाय. दिलेला शब्द फिरवू का? आणि त्याला कारण काय सांगू?