फ्रिजवरचे पाच मिली

वर्गातली मुलं माझ्यामागे मला 'अर्धा मार्क' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतंही. उत्तर बरोबर असलं तरी पुढे एकक लिहिलेलं नसेल तर मी अर्धा मार्क कापतो. मग पालक भेटायला येवोत की मुख्याध्यापक समजूत घालोत, तो परत मिळत नाही. मूळचा कोकणातला मी, नोकरीसाठी सिल्वासाला आलो, आणि येताना हा हेका तेवढा सोबत आणला.

तर गेल्या वर्षी आमच्या दीड वर्षाच्या लेकीला ताप आला, तेव्हा डॉक्टरांच्या कागदावरचा मजकूर मी ठसठशीत अक्षरांत उतरवून फ्रिजच्या दारावर चिकटवला: 'ताप आल्यास पाच मिली.' 'मिली'खाली दोन रेघा. मूळ कागदावर डॉक्टरांनी '१२० मिलिग्रॅम' असंही लिहिलं होतं. पण बाटलीवर मापाचं टोपण असताना ते लोढणं कशाला, म्हणून मी ते गाळलं. सगळं नीट उतरवलंस ना, असं बायकोने विचारलं. गणिताच्या मास्तरला हे विचारतेस, असं मी तिलाच ऐकवलं.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, बायको प्रशिक्षणासाठी दमणला गेली आणि दुपारी लेकीचं अंग पुन्हा तापलं. जुनी बाटली संपली होती. लेकीला शेजारच्या वहिनींकडे सोपवून मी टोकरखाड्यातल्या औषधाच्या दुकानात धावलो. दुकानदाराने त्याच औषधाची छोटी बाटली काढली. ही थेंबांची आहे, अगदी तान्ह्या बाळांनाही देतात, म्हणाला. पुढेही तो काहीतरी सांगत होता, पण मी तोवर स्कूटर चालू केली होती. तान्ह्या बाळांची, म्हणजे सौम्यच असणार, हे माझं मीच ठरवून टाकलं.

शेजारच्या वहिनी धुळ्याकडच्या. जवळच्या सायली गावात, सूत रंगवण्याच्या कारखान्यात रंग मिसळायचं काम करतात. शाळा आठवीत सुटलेली, त्यामुळे माझ्यासमोर आकडेमोडीचा विषय निघाला की 'तुम्ही शिकेल माणसं' म्हणून गप्प बसतात. मी परतलो तेव्हा त्या आमच्या स्वयंपाकघरात लेकीला कडेवर घेऊन उभ्या होत्या.

नव्या बाटलीसोबत एक मिलीची नळी होती. तापलेल्या पोरीला पाच वेळा नळी भरून कोण पाजत बसणार? जुन्या बाटलीचं टोपण मी धुऊन जपून ठेवलं होतंच. त्यात पाच मिलीच्या रेघेपर्यंत ते गुलाबी औषध ओतलं. रेघ डोळ्यांच्या समपातळीत धरून वाचली, मुलांना शिकवतो तशी. मग लेकीकडे वळलो.

"सर, थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. "येवढीशी बाटली, तीन टायमात खाली होऊन जाईल. असं कोणी बनवतं का? त्याच्यात माल किती टाकेल आहे ते वाचा ना."

मला राग आला. मी फ्रिजकडे बोट दाखवलं. पाच मिली म्हणजे पाच मिली, त्यात वाचायचं काय? वहिनींनी लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्या हातापासून लांब. मग हळूच सांगितलं की, त्यांच्या कारखान्यात रंगाचा नवा ड्रम आला की कालच्या मापाने कोणी ओतत नाही. ड्रम तसाच दिसतो, आतला रंग मात्र तिप्पट कडक असू शकतो. एकदा एकाने न वाचता ओतला आणि पोपटी सुताचा अख्खा ढीग काळपट निघाला.

"पण तो धागा होता सर," त्या म्हणाल्या. "फेकून दिला."

मी बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. दर एक मिलीमध्ये शंभर मिलिग्रॅम. कपाटातून डॉक्टरांचा मूळ कागद काढला. एकशेवीस मिलिग्रॅम, म्हणजे त्या जुन्या बाटलीचे पाच मिली. आणि माझ्या हातातल्या टोपणात? पाच गुणिले शंभर. हे गणित सातवीचं पोरही तोंडी करतं. एकशेवीसच्या जागी पाचशे मिलिग्रॅम, दहा किलोच्या पोरीला. मी टोपण ओट्यावर ठेवलं. आयुष्यात इतका कधी भ्यालो नव्हतो.

एकशेवीस भागिले शंभर, एक पूर्णांक दोन मिली. उत्तर आलं, पण स्वतःवर भरवसा उरला नव्हता, म्हणून डॉक्टरांना फोन लावून बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. त्यांनी तेच उत्तर दिलं. बाटली बदलली की मिली बदलतात, मिलिग्रॅम लिहून ठेवत जा, म्हणाले. मी फक्त हो, हो करत राहिलो.

वहिनींनी लेकीला मांडीवर घेतलं. मी एक नळी भरून पाजली, मग वर दोन बारीक रेघांइतकं. औषध गोड होतं. लेकीने ओठ चाटले, ओट्यावरच्या त्या भरलेल्या टोपणाकडे हात पसरला आणि म्हणाली, "अजून."